भाता, भट्टी, ग्रंथी, भिंत : श्वासाविषयीच्या एका वादाचा इतिहास

मराठीत श्वास ‘घेतला’ जातो आणि धाप ‘लागते’. पहिल्या क्रियापदात माणूस कर्ता आहे. दुसऱ्यात त्याच्या बाबतीत काहीतरी घडते आहे आणि तो त्या घडण्याचा केवळ धनी आहे. व्याकरणातला हा साधा भेद. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापर्यंत युरोपातील शरीरक्रियाविज्ञानात जो एक तीव्र आणि चिवट वाद चालला, त्याचे मर्म या भेदात सापडते. प्रश्न असा होता : फुप्फुसात आलेल्या हवेतला प्राणवायू रक्तात जातो, तेव्हा फुप्फुस तो ‘घेते’, की तो आपोआप ‘जातो’? अवयवाला काही कर्तृत्व आहे, की तो केवळ वाट देतो?

प्रश्न किरकोळ वाटण्याची शक्यता आहे. प्रत्यक्षात त्याने एका गुरूला आणि त्याच्या सर्वांत बुद्धिमान शिष्याला एकमेकांसमोर उभे केले. एका थोर संशोधकाला आयुष्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत एका चुकीच्या मताशी बांधून ठेवले. आणि एका शास्त्रज्ञाला स्वतःच्या मनगटाची धमनी उघडून घेण्यास प्रवृत्त केले. साहित्याच्या अभ्यासकांना या इतिहासात रस वाटावा याचे आणखी एक कारण आहे. हा इतिहास बऱ्याच अंशी रूपकांचा इतिहास आहे. फुप्फुसाला आधी भाता मानले गेले, मग भट्टी, मग ग्रंथी, आणि अखेरीस एक अतिशय पातळ भिंत. यांतले प्रत्येक रूपक आपल्याबरोबर नवे प्रश्न घेऊन आले आणि काही प्रश्न विचारणे अशक्यही करून गेले.

१. भाता आणि भट्टी

छाती वरखाली होते, हवा आत येते आणि बाहेर जाते. तेव्हा लोहाराच्या भात्याची आठवण होणे अगदी स्वाभाविक आहे. ग्रीक परंपरेत, विशेषतः गेलनच्या वैद्यकात, हृदय हे शरीरातील उष्णतेचे स्थान होते आणि श्वासाने ती उष्णता आटोक्यात राहते असे मानले जाई. भात्याच्या या रूपकात महत्त्व हालचालीला आहे. हवेत काय आहे, हा प्रश्न त्यात उद्भवतच नाही.

या रूपकाला पहिला धक्का बसला तो सतराव्या शतकात. विल्यम हार्वे याने १६२८ मध्ये रक्ताभिसरणाचा सिद्धान्त मांडला, परंतु धमन्यांतले रक्त नीलांत नेमके कोणत्या वाटेने जाते हे त्याला दाखवता आले नव्हते. हार्वे १६५७ मध्ये वारला. पुढे चारच वर्षांनी, १६६१ मध्ये, बोलोन्याच्या मार्चेल्लो माल्पीगी याने आपला मित्र बोरेली याला लिहिलेल्या दोन पत्रांतून फुप्फुसाची रचना प्रसिद्ध केली. बेडकाच्या फुप्फुसावर सूक्ष्मदर्शक रोखून त्याने पाहिले, की फुप्फुस म्हणजे मांसाचा गोळा नसून पातळ भिंतींच्या असंख्य पोकळ्यांचा समूह आहे, आणि त्या भिंतींवर अतिसूक्ष्म वाहिन्यांचे जाळे पसरलेले आहे. रक्त उघड्यावर सांडत नाही, ते सतत नळ्यांतूनच वाहते. म्हणजे हवा एका बाजूला, रक्त दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये पडदा. पुढील अडीचशे वर्षांचा वाद ज्या पडद्याभोवती फिरला, तो असा प्रथम दृष्टीस पडला.

लंडनमध्ये रॉबर्ट हुक याने १६६७ साली रॉयल सोसायटीपुढे एक क्रूर परंतु निर्णायक प्रयोग केला. छाती उघडलेल्या कुत्र्याच्या फुप्फुसाला जागोजागी छिद्रे पाडून त्याने दोन भात्यांच्या साहाय्याने त्यातून अखंड हवा वाहती ठेवली. फुप्फुस फुगलेल्या अवस्थेत स्थिर राहिले, हालचाल थांबली, तरी कुत्रा जिवंत राहिला. (तीन वर्षांपूर्वी असाच प्रयोग केल्यावर, त्या प्राण्याच्या यातनांमुळे तो पुन्हा करण्याची आपली तयारी नाही, असे हुकने बॉइलला कळवले होते.) जगण्यासाठी हालचाल नव्हे, ताजी हवा लागते हे यातून सिद्ध झाले. दोन वर्षांनी रिचर्ड लोअर याने दाखवले, की काळपट रक्त फुप्फुसातून जाताना लालभडक होते ते हवेच्या स्पर्शाने. लोहाराचा भाता लोहाराच्याच जातीच्या यंत्राने बाद ठरावा, यात इतिहासाचा एक विनोद आहे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लाव्हाझिए याने ज्वलनाचे रसायनशास्त्र उलगडले आणि श्वसन हे एक संथ ज्वलनच आहे असे प्रतिपादन केले. भात्याची जागा भट्टीने घेतली. ही कल्पना मूलतः बरोबर होती, पण भट्टीची जागा चुकली होती. ज्वलन फुप्फुसातच होते असा लाव्हाझिएचा कल होता. ८ मे १७९४ रोजी गिलोटिनखाली त्याचा अंत झाला आणि प्रश्न अर्धवट राहिला. १८३७ मध्ये बर्लिनच्या हाइनरिश गुस्टाफ माग्नुस याने निर्वात पंपाने रक्तातील वायू बाहेर काढून दाखवले, की धमनीच्या रक्तात प्राणवायू अधिक असतो आणि नीलेच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड अधिक. म्हणजे रक्त प्राणवायू घेऊन दूरवर जाते आणि जळण्याची क्रिया अन्यत्र, ऊतींत, घडते. भट्टी फुप्फुसातून हलली. मग फुप्फुसात उरले काय? केवळ देवाणघेवाण. आणि ही देवाणघेवाण कोण करते, हा प्रश्न आता प्रथमच स्पष्टपणे विचारता येऊ लागला.

२. ग्रंथी

या प्रश्नाची दोन उत्तरे संभवत होती. पहिले पदार्थविज्ञानातून येत होते. वायूंच्या मिश्रणातील प्रत्येक वायूचा आपला स्वतंत्र दाब असतो हे जॉन डाल्टनने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच सांगितले होते. त्याला आपण आंशिक दाब म्हणतो. जिथे हा दाब अधिक, तिथून जिथे तो कमी, तिकडे वायू आपोआप पसरतो. १८५५ मध्ये आडोल्फ फिक याने या पसरण्याचा नियम गणितात बांधला. पटलाचे क्षेत्रफळ जितके मोठे, दाबातला फरक जितका अधिक आणि पटल जितके पातळ, तितके वायूचे वहन जास्त. मराठी परिभाषेत या क्रियेला ‘विसरण’ म्हणतात. शब्द कानावर पडताच विसरण्याची आठवण होते, पण त्याचे मूळ ‘सृ’ धातूत, पसरण्यात आहे.

दुसरे उत्तर जीवशास्त्रातून येत होते. शरीरात ग्रंथी आहेत. लाळेची ग्रंथी रक्तातून निवडून पदार्थ घेते आणि काम करून, ऊर्जा खर्चून, लाळ स्रवते. मूत्रपिंड रक्तातील द्रव्यांची निवड करते. मग फुप्फुसाच्या पेशींनीच तेवढे निष्क्रिय का असावे? माशांचे उदाहरण तर समोरच होते. खोल पाण्यातल्या माशांच्या वाताशयात भोवतालच्या पाण्यापेक्षा कितीतरी पट अधिक दाबाने प्राणवायू साठलेला असतो, आणि उत्क्रांतीच्या दृष्टीने वाताशय आणि फुप्फुस ही भावंडे आहेत. जे माशाला जमते ते माणसाला का जमू नये?

ही बाजू घेणाऱ्यांत अग्रणी होते कोपनहेगन विद्यापीठातील शरीरक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक ख्रिश्चन बोर (१८५५–१९११). आज त्यांची ओळख बहुधा पदार्थवैज्ञानिक नील्स बोर यांचे वडील अशी करून दिली जाते, हे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. लायप्त्सिश येथे कार्ल लुडविग यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेले बोर हे काटेकोर मोजमापाचे पुरस्कर्ते होते. १८९१ मध्ये त्यांनी जाहीर केले, की त्यांच्या काही प्रयोगांत धमनीच्या रक्तातील प्राणवायूचा दाब फुप्फुसातील हवेच्या दाबापेक्षा जास्त आढळला. पाणी चढावर वाहताना दिसले तर कोणीतरी पंप लावला असला पाहिजे. बोर यांचा निष्कर्ष असा, की फुप्फुस ही ग्रंथी आहे आणि ती प्राणवायू रक्तात स्रवते.

इंग्लंडमध्ये जॉन स्कॉट हॉल्डेन (१८६०–१९३६) यांनी जेम्स लोरेन स्मिथ यांच्यासह अगदी वेगळ्या पद्धतीने हाच निष्कर्ष काढला. कार्बन मोनॉक्साइड हा वायू हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा कित्येक पटींनी घट्ट चिकटतो. थोडा कार्बन मोनॉक्साइड हुंगवून, रक्तात त्याचा किती अंश चढला यावरून, धमनीतल्या प्राणवायूचा दाब त्यांनी गणिताने काढला. तोही फुप्फुसातील हवेपेक्षा अधिकच निघाला. दोन देश, दोन पद्धती, एक उत्तर. १९०० च्या सुमारास स्रावसिद्धान्त हा कुणा भाबड्याचा भ्रम नव्हता. तो त्या काळातील दोन श्रेष्ठ प्रयोगकर्त्यांचा अनुभव होता.

आणि त्याचे आकर्षण केवळ आकड्यांचे नव्हते. हॉल्डेन यांचा तात्त्विक पिंड यंत्रवादाच्या विरोधी होता. सजीव हा सुट्या भागांची बेरीज नसून स्वतःला सतत सावरून धरणारी एक अखंडता आहे, अशी त्यांची धारणा होती. प्राणवायू विरळ झाला की फुप्फुस स्वतःहून अधिक जोर लावते, ही कल्पना त्या धारणेत चपखल बसते. आपल्या भाषेत तर ऑक्सिजनलाच आपण ‘प्राणवायू’ म्हणतो. त्या नावाच्या पदार्थाला शरीर स्वतः ओढून घेते हे आपल्याला न सांगताच पटेल. या ठिकाणी प्राण-अपानाच्या आपल्या परंपरेला मध्ये ओढण्याचा मोह टाळलेला बरा. ती संकल्पना वेगळ्या जिज्ञासेतून जन्मली आहे आणि दाबाच्या मोजमापाशी तिचा मेळ घालण्याने दोहोंचेही नुकसान होते.

३. बुडबुडा

ऑगस्ट क्रोग (१८७४–१९४९) हा जटलंडमधील ग्रेनो गावचा तरुण १८९७ मध्ये बोर यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाला. उपकरणे घडवण्यात त्याचा हात विलक्षण होता. कार्बन डायऑक्साइडच्या उपस्थितीत हिमोग्लोबिन प्राणवायू अधिक सहज सोडून देते, हा १९०४ मध्ये प्रसिद्ध झालेला शोध आज ‘बोर परिणाम’ म्हणून प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. त्या निबंधावर बोर आणि हासेलबाल्ख यांच्याबरोबर क्रोग यांचेही नाव होते. बेडकाच्या श्वसनावरील १९०३ च्या त्यांच्या प्रबंधाचे निष्कर्ष गुरूच्या स्रावसिद्धान्ताशी जुळणारेच होते. म्हणजे हा शिष्य बंडखोर म्हणून आला नव्हता. तो घरातलाच होता.

शंका आली ती उपकरणामुळे. रक्तातील वायूचा दाब मोजण्याची रीत अशी, की रक्ताला थोड्या हवेच्या सान्निध्यात ठेवायचे. दोहोंतले वायू समतोलास आले की त्या हवेचे पृथक्करण करायचे. पण हवा जास्त असेल तर समतोल यायला वेळ लागतो, आणि त्याआधीच मोजमाप केले तर आकडा खोटा येतो. क्रोग यांनी हवेचे प्रमाण इतके कमी केले की उरला फक्त एक इवलासा बुडबुडा. धमनीतून येणाऱ्या रक्ताच्या धारेत तो तरंगत ठेवायचा. बुडबुडा जितका लहान तितके त्याच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठफळ मोठे, म्हणून समतोल लवकर. मग काही घन मिलिमीटर आकाराच्या त्या बुडबुड्याचे पृथक्करण करण्यासाठी त्यांनी निराळे सूक्ष्म उपकरण घडवले.

या कामात त्यांच्याबरोबर होत्या मारी क्रोग. वैद्यकाच्या विद्यार्थिनी असलेल्या मारी यॉर्गेनसन यांचा ऑगस्ट यांच्याशी १९०५ मध्ये विवाह झाला. सशांवरच्या प्रयोगांत दोघांना पुन्हा पुन्हा एकच उत्तर मिळत गेले : धमनीच्या रक्तातील प्राणवायूचा दाब फुप्फुसातील हवेपेक्षा नेहमी कमीच असतो. पाणी चढावर वाहत नव्हते. पंपाची गरज उरली नव्हती.

१९१० मध्ये एका स्कँडिनेव्हियन नियतकालिकात या विषयावरचे सात निबंध एकत्र प्रसिद्ध झाले. क्रोग दांपत्य त्यांना खासगीत ‘सात छोटी भुते’ म्हणत असे. निष्कर्ष निःसंदिग्ध होता. वायूंची देवाणघेवाण विसरणाने होते, आणि केवळ विसरणानेच. मात्र हे सांगण्यापूर्वी क्रोग यांनी जे लिहिले आहे ते मतभेदाच्या इतिहासात नोंदवून ठेवण्यासारखे आहे. आपल्या गुरूंच्या मतांना विरोध करणे आपल्याला भाग पडत आहे, असे सांगून त्यांनी त्यांच्याविषयीचे वैयक्तिक ऋण मान्य केले. आणि पुढे हेही स्पष्ट केले, की मागील वीस वर्षांत फुप्फुसाविषयीच्या ज्ञानात जी खरी प्रगती झाली ती मुख्यतः बोर यांच्याच परिश्रमांची आहे.

हा केवळ शिष्टाचार मानता येत नाही, कारण ते अक्षरशः खरे होते. केशवाहिनीतून रक्त पुढे सरकत असताना त्यातला प्राणवायूचा दाब टप्प्याटप्प्याने कसा वाढत जातो, याचे गणित १९०९ मध्ये स्वतः बोर यांनीच बसवले होते. विसरण पुरेसे आहे हे दाखवायला विरोधकांना जे हत्यार लागले ते बोर यांच्याच भात्यातले होते. तरीही दोघांच्या संबंधांत दुरावा आला. बोर हे ३ फेब्रुवारी १९११ रोजी, वयाच्या अवघ्या छपन्नाव्या वर्षी, हृदयविकाराने वारले. त्याच वर्षी मे महिन्यात नील्स बोर यांनी आपला डॉक्टरेटचा प्रबंध वडिलांच्या स्मृतीस अर्पण केला.

गुरुशिष्यसंबंधाविषयी आपल्याकडे जी भाषा आहे ती बहुतेक निष्ठेची किंवा द्रोहाची आहे. क्रोग यांच्या त्या परिच्छेदात तिसरी एक शक्यता दिसते. गुरूची रीत इतक्या मनापासून आत्मसात करायची, की तिच्या आधारे गुरूचा निष्कर्ष नाकारता यावा. आणि नाकारताना ती रीत कोणाची होती हे लपवायचे नाही.

४. पर्वत, खाण, काचेची खोली

हॉल्डेन मात्र मागे हटले नाहीत. किंवा असे म्हणू, की ते अर्धेच हटले. विश्रांतीच्या अवस्थेत विसरण पुरेसे असेल, हे १९१२ पर्यंत त्यांनी मान्य केले. पण कष्टात आणि उंचीवर, जेव्हा प्राणवायूची टंचाई पडते, तेव्हा फुप्फुस स्राव करू लागते असे त्यांचे म्हणणे राहिले. १९११ च्या उन्हाळ्यात ते डग्लस, हेंडरसन आणि श्नायडर या सहकाऱ्यांसह कोलोरॅडोतील सुमारे ४,३०० मीटर उंचीच्या पाइक्स पीक या शिखरावर पाच आठवडे राहिले होते. मेबल फिट्सजेरल्ड यांनी त्याच मोहिमेत भोवतालच्या डोंगरी खाणवस्त्यांत एकट्याने फिरून निरनिराळ्या उंचीवरच्या माणसांच्या श्वासाची मोजमापे घेतली. ती पुढे स्थायी मोलाची ठरली. शिखरावरच्या आकड्यांत हॉल्डेन यांना मात्र स्रावाचाच पुरावा दिसला.

हॉल्डेन हे आरामखुर्चीतले विचारवंत नव्हते. खाणींतल्या विषारी वायूंचा अभ्यास त्यांनी स्वतः त्या वायूंत उतरून केला. कार्बन मोनॉक्साइडची सूचना मिळावी म्हणून खाणीत छोटे पक्षी नेण्याची प्रथा त्यांच्याच शिफारशीतून रूढ झाली. त्यांचे पुत्र जे. बी. एस. हॉल्डेन यांनी (जे १९५७ मध्ये भारतात स्थायिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे वारले) लहानपणची एक आठवण नोंदवून ठेवली आहे. वडिलांनी त्यांना एका खाणीत नेले आणि मिथेन साठलेल्या जागी उभे राहून ‘ज्यूलियस सीझर’मधले अँटनीचे भाषण म्हणायला सांगितले. काही ओळींतच मुलाला धाप लागली, पाय लटपटले आणि तो खाली कोसळला. खाली हवा चांगली होती, कारण हलका मिथेन छताशी जमतो. हवा कोंदट वाटत नाही, वास येत नाही, तरी प्राणवायूचा दाब पुरेसा नसला की शेक्सपिअरही पुरा होत नाही, हा धडा त्याला जन्मभर पुरला. या धड्यात फुप्फुसाच्या स्रावाला कुठे जागा आहे, असा प्रश्न आज आपल्याला पडतो. वडिलांना तो पडला नसावा.

२२ एप्रिल १९१५ रोजी ईप्र येथे जर्मन सैन्याने क्लोरीन वायू सोडला. काही दिवसांतच हॉल्डेन फ्रान्समध्ये दाखल झाले. क्लोरीनने फुप्फुसातील तो नाजूक पडदाच पोळून निघतो. वाहिन्यांतला द्रव झिरपून वायुकोश भरतात आणि माणूस कोरड्या जमिनीवर बुडून मरतो. अशा रुग्णांना प्राणवायू कसा द्यावा, याविषयी हॉल्डेन यांनी १९१७ मध्ये लिहिले आणि त्यासाठी उपकरणही तयार केले. मधल्या पडद्यातून वाट अवघड झाली असेल, तर अलीकडच्या बाजूचा दाब वाढवावा, हा प्राणवायू-उपचाराचा तर्क आहे. तो पूर्णपणे विसरणाचा तर्क आहे. सिद्धान्तात स्रावाची बाजू लढवणारा माणूस रुग्णाच्या उशाशी मात्र विसरणावर भिस्त ठेवून काम करत होता, हे या कथेतले सर्वांत बोलके विसंगत चित्र आहे.

निकाल लावण्याचा प्रयत्न केला केंब्रिजच्या जोसेफ बारक्रॉफ्ट यांनी. हॉल्डेन यांचे आकडे अप्रत्यक्ष होते. धमनीचे रक्त प्रत्यक्ष काढून पाहिलेले नव्हते. १९२० मध्ये बारक्रॉफ्ट स्वतः एका बंद काचेच्या खोलीत सहा दिवस राहिले. खोलीतील प्राणवायू क्रमाक्रमाने इतका कमी करण्यात आला, की अखेरीस तेथील स्थिती सुमारे पाच हजार मीटर उंचीवरच्या पर्वतासारखी झाली. शेवटी त्यांच्या डाव्या मनगटाची धमनी शस्त्रक्रियेने उघडून, विश्रांतीत आणि श्रम करताना, रक्त काढण्यात आले. ते काळपट होते. फुप्फुसातील हवेशी समतोलास आणलेल्या रक्ताहून त्यात प्राणवायू अधिक नव्हता. टंचाई होती, कष्ट होते, उंचीशी जुळवून घ्यायला दिवस मिळाले होते, तरी स्राव नव्हता. १९२१–२२ च्या हिवाळ्यात पेरू देशातील सेरो दे पास्को या सुमारे ४,३०० मीटर उंचीवरील खाणगावात बारक्रॉफ्ट यांच्या नेतृत्वाखाली गेलेल्या मोहिमेतही तेच आढळले. हॉल्डेन यांनी तरीही आपले मत सोडले नाही. १९३५ मध्ये निघालेल्या आपल्या श्वसनावरील ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीतही त्यांनी स्रावाचा पुरस्कार केला. पुढच्याच वर्षी ते वारले.

५. भिंत

मधल्या काळात मारी क्रोग यांनी प्रश्नाची बाजूच बदलली होती. विसरण होते की नाही, यापेक्षा ते किती होऊ शकते हे त्यांनी मोजले. कार्बन मोनॉक्साइडला हिमोग्लोबिन इतके घट्ट धरते, की रक्तात त्याचा उलटा दाब जवळजवळ उरत नाही. म्हणून तो किती वेगाने आत जातो हे प्रामुख्याने पडद्यावर अवलंबून राहते. या वायूचा अत्यल्प अंश असलेली हवा ओढून काही सेकंद श्वास रोखायचा आणि सोडलेल्या हवेत त्याचा किती अंश उरला ते पाहायचे. १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातून दिसून आले, की निरोगी फुप्फुसाची विसरणक्षमता कठीण श्रमांनाही पुरेशी आहे. हॉल्डेन यांनी ज्या वायूने स्राव सिद्ध केला असे मानले, त्याच वायूने मारी यांनी स्राव अनावश्यक ठरवला. त्यांची पद्धत, सुधारित स्वरूपात, आजही जगभरच्या रुग्णालयांत फुप्फुसाच्या तपासणीसाठी वापरली जाते. ऑगस्ट क्रोग यांना १९२० चे नोबेल पारितोषिक मिळाले, पण ते केशवाहिन्यांच्या नियमनावरील दुसऱ्या कामासाठी होते.

भिंत प्रत्यक्ष दिसायला मात्र आणखी तीस वर्षे लागली. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ती इतकी पातळ होती, की वायुकोशाला आतून पेशींचे अस्तर आहे की रक्तवाहिन्या उघड्याच आहेत, यावर तज्ज्ञांत एकमत नव्हते. १९५० च्या दशकाच्या आरंभी फ्रँक लो यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले, की अस्तर आहे आणि ते अखंड आहे. एवाल्ड वायबेल यांच्या मोजमापांनी पुढे आकडे पुरवले. हवा आणि रक्त यांच्यामध्ये तीन थर आहेत : वायुकोशाचे अस्तर, केशवाहिनीचे अस्तर आणि त्यांच्यामधले आधारपटल. तिन्ही मिळून जाडी बऱ्याच ठिकाणी अर्ध्या मायक्रोमीटरहूनही कमी, म्हणजे केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागापेक्षाही पातळ. आणि ही भिंत पसरून ठेवली तर सुमारे १३० चौरस मीटर. तिच्यावर एका वेळी पसरलेले रक्त पेलाभरही नसते. विश्रांतीत रक्ताचा प्रत्येक थेंब तिच्या सान्निध्यात सुमारे पाऊण सेकंद असतो. आत येताना त्यातल्या प्राणवायूचा दाब पाऱ्याच्या ४० मिलिमीटरइतका असतो, पलीकडच्या हवेत तो १०० च्या आसपास. आणि पहिल्या पाव सेकंदातच अंतर भरून निघते. उरलेला अर्धा सेकंद ही शिल्लक आहे. धावताना, चढताना, आजारात ती उपयोगी पडते.

म्हणजे बोर आणि हॉल्डेन यांनी जे कर्तृत्व पेशींच्या क्रियेत शोधले, ते रचनेत होते. शरीराने पंप बसवला नाही. त्याने भिंत इतकी विस्तीर्ण आणि इतकी पातळ घडवली की पंपाची गरजच पडू नये. जे घडायचे ते वाढीच्या काळातच घडून गेलेले असते, नंतर नियमाला वाट मिळते एवढेच. माशाच्या वाताशयाचे कोडेही पुढे याच दिशेने सुटले. तिथे ग्रंथी आम्ल सोडते, त्यामुळे हिमोग्लोबिन प्राणवायू सोडून देते, आणि उलटसुलट वाहणाऱ्या वाहिन्यांच्या जुडग्यात त्याचा दाब वाढत जातो. प्राणवायूच्या कणाला धरून ढकलणारे तिथेही कोणी नाही.

तथापि ग्रंथीचे रूपक समूळ खोटे ठरले असेही नाही. १९५० च्या दशकात कळले, की वायुकोशातील काही पेशी खरोखरच एक द्रव्य स्रवतात. ते स्निग्ध द्रव्य पृष्ठताण कमी करते आणि त्यामुळे वायुकोश मिटत नाहीत. अकाली जन्मलेल्या बालकांच्या फुप्फुसात त्याचा अभाव असतो आणि म्हणून ती गुदमरतात, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवले. फुप्फुस स्रवते, पण प्राणवायू नव्हे. ते भिंत उघडी राहावी याची व्यवस्था स्रवते.

२३ मे २००७ रोजी एव्हरेस्टवरून उतरताना ब्रिटिश डॉक्टर-गिर्यारोहकांच्या एका पथकाने ८,४०० मीटर उंचीवर मांडीच्या धमनीतून आपलेच रक्त काढले. चौघांच्या रक्तातील प्राणवायूच्या दाबाची सरासरी पाऱ्याच्या २४.६ मिलिमीटरइतकी निघाली, आणि फुप्फुसातील हवेत तो याहून सुमारे ५ मिलिमीटरने अधिक असल्याचे गणिताने दिसले. पृथ्वीवर कुठे स्रावाची गरज असेल तर ती तिथे होती. तिथेही रक्तातला दाब हवेपेक्षा कमीच होता.

६. ‘घेणे’ आणि ‘लागणे’

या इतिहासाकडे आपण का पाहावे? २०२० आणि २०२१ या वर्षांत ‘सॅच्युरेशन’ हा शब्द मराठी घराघरांत शिरला. बोटाला चिमटा लावून माणसे एक आकडा पाहत होती आणि तो ९४ च्या खाली गेला की धास्तावत होती. तो आकडा म्हणजे या भिंतीचे वर्तमान होते. विषाणूने ती सुजवली, वायुकोश द्रवाने भरले, पाव सेकंदाचे काम पाऊण सेकंदातही होईना. अशा वेळी निर्धार किंवा जगण्याची इच्छा भिंतीतून एक कणही अधिक आत नेऊ शकत नाही. अलीकडचा दाब वाढवावा लागतो, आणि तो बाहेरून, दुसऱ्या कोणीतरी, अखंड पुरवावा लागतो. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकमधील एका रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून पुरवठा खंडित झाला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. त्यांच्या शरीरात लढण्याची जिद्द कमी नव्हती. दाब नव्हता.

आजाराला ‘लढाई’ म्हणण्याची आपल्या लेखनात आणि वृत्तपत्रांत जी सवय आहे, तिचा पुनर्विचार या दृष्टीने व्हायला हवा. लढाईचे रूपक हे हॉल्डेन यांच्या ग्रंथीचे वंशज आहे. ते सारे कर्तृत्व व्यक्तीच्या आत कल्पिते, आणि म्हणून जो वाचला नाही तो कुठेतरी कमी पडला असे न बोलता सुचवते. रूपके निरुपद्रवी नसतात, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको. परंतु रूपक तपासायचे कसे, हे बुडबुड्याच्या आकारावर महिनोन्महिने काम करणाऱ्या त्या दांपत्याकडून शिकता येईल. त्यांना ग्रंथीची कल्पना कुरूप वाटली म्हणून त्यांनी ती सोडली नाही. त्यांनी मोजले, आणि जे आले ते मान्य केले.

आपण श्वास घेतो हे खरेच आहे. छातीचे स्नायू काम करतात, हवा आत ओढतात. तेवढा भाता आपला. त्यापुढे, वायुकोशाच्या भिंतीशी, कर्तरी प्रयोग संपतो. तिथे प्राणवायू घेतला जात नाही, तो जातो. जोवर भिंत शाबूत आहे आणि अलीकडे दाब आहे, तोवर जात राहतो. मराठीने धापेसाठी ‘लागणे’ हे क्रियापद योजले तेव्हा तिला यातले काहीच ठाऊक नव्हते. पण श्वास कमी पडू लागला की माणसाचे कर्तेपण गळून पडते, हे तिने पाहिले होते.